कात्रीआधी मीटर: गाडीतला कंपनीचा ॲम्प बायपास करताना

नवा स्टिरिओ बसला, स्क्रीन उजळली, फोन जोडला गेला, गाणं पुढे सरकताना दिसतंय. आवाज मात्र नाही. व्हॉल्यूम तीसवर नेला तरी नाही. माझ्या सेकंडहँड सेडानमध्ये हे घडलं तेव्हा बसवणाऱ्या मुलाने थोडा वेळ इकडच्या वायरी तिकडे करून बघितल्या आणि निकाल दिला, "स्पीकर गेलेत काका, चारही बदलावे लागतील." चार स्पीकर एकाच मुहूर्तावर जात नसतात, एवढं मला कळत होतं. गाडी तशीच घरी आणली. रविवारी सगळं उघडून बसलो आणि संध्याकाळी डाव्या सीटखाली, कार्पेटच्या खाचेत, ॲल्युमिनियमची एक चपटी पेटी सापडली. तिच्या कपलरच्या (वायरींचा गुच्छ जिथे खोचतात त्या जोडाच्या) पिनांवर निळसर हिरवा थर चढला होता. जुलैभर जुन्या स्टिरिओचा आवाज येत-जात होता तो या पेटीपायी. स्टिरिओ मी उगाचच बदलला होता.

ही पेटी म्हणजे कंपनीचा ॲम्प, आवाजाचा सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायर. स्पीकरच्या जाळीवर बोस, जेबीएल, हार्मन कार्डन असलं नाव असेल किंवा मागच्या काचेखाली सबवूफर (फक्त जाड आवाजाचा मोठा स्पीकर) असेल, तर गाडीत तो बहुधा असतोच. अशा गाडीत कंपनीचा स्टिरिओ नुसता सिग्नल देतो. स्पीकर हलवायची ताकद ॲम्प देतो. बाजारातला नवा स्टिरिओ आपला ॲम्प पोटातच घेऊन येतो. मग दोघांचं जमत नाही: कधी आवाजच नाही, कधी व्हॉल्यूम पाचवर जाताच फाटका आवाज, कधी गाणं बंद असतानाही कानाशी सूंऽऽ. बायपास म्हणजे या पेटीला वळसा घालून नव्या स्टिरिओच्या वायरी थेट स्पीकरपर्यंत नेणं. काम वायरिंगचं आहे, निवांत रविवार असेल तर घरी होण्यासारखं आहे. पण चुकीच्या स्पीकरवर केलं तर नव्याकोऱ्या स्टिरिओचा बळी जातो. म्हणून पुढे कात्रीपेक्षा मीटरचंच काम जास्त आहे.

ॲम्प आहे की नाही, ते मीटरला विचारा

किल्ली काढून ठेवा, स्टिरिओ बाहेर ओढा, मागचा कपलर सोडवा. मल्टीमीटर २०० ओमच्या (ओम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) खुणेवर लावा. आधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर ०.३ ते ०.६ असं काहीतरी येईल. तो मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध. पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करायचा. आता गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये एका स्पीकरच्या दोन वायरींच्या जोडीवर टोकं लावा. ३ ते ४ ओम दिसले तर वायर थेट स्पीकरला जातेय, ॲम्प नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. रोध २०० ओमच्या पलीकडे गेला किंवा काहीच वाहत नसेल तर मध्ये कुणीतरी बसलंय.

इथे एक गंमत सांगतो, कारण मी स्वतः तिच्यात अडकलो. या पिवळ्या मीटरवर रेंजबाहेरचं काही आलं की स्क्रीनच्या डाव्या कडेला नुसता '१' उभा राहतो. तो एक ओम नव्हे. "अरे वा, एक ओमचे स्पीकर!" म्हणून मी पाऊण तास इंटरनेट धुंडाळत होतो. दशांशचिन्ह आणि पुढचे आकडे नसतील तर तो '१' म्हणजे 'रोध २०० ओमच्या पलीकडे आहे किंवा इथे काही जोडलेलंच नाही'.

खात्रीसाठी रिमोटमधला पेन्सिल सेल काढा आणि त्याच जोडीला क्षणभर टेकवा. थेट स्पीकर असेल तर दरवाज्यातून 'टक' येतो. मध्ये ॲम्प असेल तर काहीच नाही.

पेटी शोधायच्या जागा ठरलेल्या: पुढच्या सीटखाली, डिक्कीच्या बाजूच्या पॅनेलमागे, ग्लोव्हबॉक्सच्या मागे, नाहीतर मागच्या काचेखालच्या फळीला उलटी लटकवलेली.

कुठल्या गाडीला हात लावू नये

काही गाड्यांत स्टिरिओकडून ॲम्पकडे तांब्यातून सिग्नल जातच नाही, प्रकाशाच्या केबलमधून जातो. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून मोस्ट नावाची ही पद्धत जर्मन गाड्यांत रुळली. त्यात स्टिरिओ, ॲम्प, फोन, नेव्हिगेशन अशी सगळी खोकी एका गोल साखळीत बांधलेली असतात. मधलं एक काढलं आणि तिथे लूप (साखळी पुन्हा जोडणारा तुकडा) टाकला नाही की बाकीचीही मुकी होतात. नव्या गाड्यांत साध्या वायरींच्या जोडीवरून डिजिटल आवाज धावतो. तिथे सीटखालच्या वायरी कापून काही हाती लागत नाही.

शिवाय बऱ्याच गाड्यांत ॲम्प फक्त गाणी वाजवत नाही. सीटबेल्टचा टिणटिणाट, पार्किंग सेन्सरची बीप, फोनवरचा आवाज हे सगळं तिथूनच जात असू शकतं. होंडाच्या काही गाड्यांत तर इंजिनाची घरघर मारण्यासाठी माइक आणि स्पीकर मिळून उलटा आवाज सोडतात. तिथे अर्धवट वायरिंग बदललं की गाडीत ढूंऽऽ असा दाब भरतो आणि कुणालाच कारण सापडत नाही. वॉरंटीतली गाडी आणि जिची एसी-कॅमेऱ्याची सेटिंग्ज स्टिरिओच्याच स्क्रीनवर आहेत अशी गाडी, या दोन्ही मी सोडून देतो. हा लेख आहे तो दहा-पंधरा वर्षं वयाच्या, चौकटीतून स्टिरिओ सरळ बाहेर येणाऱ्या, तांब्याच्या वायरींच्या गाड्यांसाठी.

बायपास करायलाच हवा का?

आवाज नाही म्हणजे ॲम्प गेला, असं नाही. पुष्कळदा तो झोपलेला असतो. कंपनीचा स्टिरिओ सुरू होताना ॲम्पला १२ व्होल्टचा इशारा देतो. नव्या स्टिरिओतून हे काम निळ्या-पांढऱ्या वायरीचं. बसवणाऱ्याने ती टेप गुंडाळून मागे कोंबली असेल तर ॲम्पला कळणार कसं? गाडीच्या वायरिंग नकाशात ती वायर नेमकी कोणती ते बघून दोघांना जोडा. स्पीकरमधून हलकासा 'धप्' आला आणि गाणं सुरू झालं, तर अर्धी लढाई तिथेच संपली. उरलेली अर्धी म्हणजे सिग्नलची पातळी. स्टिरिओच्या मागे आरसीएच्या गोल खोबण्या असतात. त्यांतून योग्य ॲडॅप्टरमार्फत सिग्नल दिला की कंपनीचा ॲम्प कायम ठेवता येतो.

माझं मत स्पष्ट आहे: ॲम्प जिवंत असेल आणि स्पीकर कमी ओमचे असतील तर त्याला राहू द्या. ॲम्प मेला असेल, सतत गुणगुणत असेल, किंवा पुढे तुम्ही बाजारातला चांगला ॲम्प टाकणारच असाल, तर बायपास करा. 'नवा स्टिरिओ ५० वॉट गुणिले ४ आहे, मग जुना ॲम्प हवा कशाला' हे कारण मात्र धरू नका.

त्या ५० वॉटचा हिशेब एकदा करूनच टाकू. गाडी सुरू असताना वायरींत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४ चा वर्ग २०७.४; त्याला स्पीकरच्या ४ ओमने भागलं की ५१.८ वॉट. खोक्यावरचे ५० वॉट इथून येतात. पण हा आकडा खरा केव्हा? आवाजाची लाट पार चौकोनी झाली असेल तेव्हा, म्हणजे गाण्याच्या चिंध्या झालेल्या असताना. स्वच्छ लाटेला याच्या निम्मे, २५.९ वॉट, ही त्या व्होल्टेजवरची कमाल; चिपमध्ये गळतं ते सोडलं की हाती १८ ते २२ वॉट लागतात. चार स्पीकरना रोजच्या ऐकण्यासाठी ते पुरतात. कंपनीच्या ॲम्पपेक्षा जास्त असतीलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप

आता मोर्चा ॲम्पकडे. त्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवा आणि दहा मिनिटं चहा प्या. सीटखाली पिवळे कपलर किंवा पिवळी स्लीव्ह असलेल्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट ओढणाऱ्या यंत्रणेच्या. त्यांना मीटर, टेस्टर, सेल काहीही लावायचं नाही. सीट हलवण्यासाठी त्यांचा कपलर काढावा लागलाच, तर तो परत बसेपर्यंत किल्ली फिरवू नका. नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि तो विझवायला स्कॅनर घेऊन बसावं लागतं. सीट पूर्ण बाहेर काढायची गरज सहसा नसते, चार बोल्ट सोडून मागे कलंडवली तरी हात जातो. जुन्या स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधीच कुठेतरी लिहून ठेवलेला बरा.

ॲम्पचे कपलर काढायच्या आधी फोनवर फोटो. काढल्यावर पुन्हा फोटो. एका बाजूच्या दोन-तीन जाड वायरी म्हणजे बॅटरी आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर). उरलेल्यांत काही आत येणाऱ्या, काही स्पीकरकडे जाणाऱ्या. मीटर २०० ओमवर ठेवून जोड्या लावत जा: ज्या दोन पिनांत काही ओम दिसतात ती स्पीकरची जोडी. प्रत्येक जोडी गाडीच्या उघड्या पत्र्याशीही तपासा. तिथे काहीही वाहता कामा नये. वाहत असेल तर वायर कुठेतरी घासून पत्र्याला टेकलीय. ते दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता आकड्यांचा अर्थ. मीटर रोध मोजतो आणि तो स्पीकरवर छापलेल्या ओमपेक्षा थोडा कमीच येतो. ३.२ ते ३.८ म्हणजे ४ ओमचा स्पीकर. बायपासला हरकत नाही. १.६ ते १.९ म्हणजे २ ओमचा, इथे थांबा. नव्या स्टिरिओच्या लेबलवर '४ ते ८ ओम' लिहिलेलं असेल तर २ ओमचा स्पीकर त्याच्यातून दुप्पट करंट ओढणार. आधी स्टिरिओचं मागचं अंग तापतं, मग तो अर्ध्या गाण्यात गप्प होतो, आणि एक दिवस कायमचा गप्प होतो. बोसच्या काही जुन्या सिस्टिममध्ये स्पीकर २ ओम किंवा त्याहूनही कमी असतात. काहींत तर प्रत्येक स्पीकरच्या पाठीवरच छोटा ॲम्प असतो, तिथे बायपास म्हणजे स्पीकरही नवे घेणं आलंच.

२ ओम निघाले तर दोनच सरळ वाटा: ४ ओमचे नवे स्पीकर, किंवा २ ओम पेलणारा बाजारातला ॲम्प. काही दुकानांत तिसरी वाट सुचवतात, स्पीकरला मालिकेत २ ओमचा सिमेंट रेझिस्टर. निम्मी ताकद त्या रेझिस्टरला तापवण्यात जाते आणि बेस ढिला पडतो. तो तापलेला तुकडा कार्पेटखाली ठेवणं मला तर अजिबात पटत नाही.

एखाद्या ट्विटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) मीटर काहीच दाखवत नसेल तर तो मेला म्हणून फेकू नका. त्याच्या पाठीवर कपॅसिटर असेल तर मीटरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, त्यातून जातच नाही, त्यामुळे मीटरला तो तुटलेलाच दिसतो.

कोण कुठला, आणि प्लस कुठला

जोड्या मिळाल्या, पण कोणती जोडी कुठल्या दरवाज्याची? पुन्हा पेन्सिल सेल. माझा भाचा मागच्या सीटवर बसला होता, मी इकडे सेल टेकवायचो आणि तो ओरडायचा, "मागचा डावा!" तासाभराचं काम दहा मिनिटांत झालं. दिशा कळण्यासाठी जाळीतून टॉर्च मारून कागदी शंकूकडे बघा. सेल टेकवताच शंकू बाहेर उसळला तर सेलचं प्लस जिथे लावलंय ती स्पीकरची प्लस वायर. आत गेला तर उलट. टेकवायचं ते क्षणभरच, धरून ठेवायचं नाही. शंकूची हालचाल दिसत नसेल तर बोटाचं टोक हलकेच ठेवा, कळतं. ट्विटरमधून नुसती कुरकुर येईल. त्याची दिशा वायरिंगच्या नकाशावरूनच घ्यावी लागते.

प्रत्येक वायरीला कागदी टेपचा झेंडा लावा आणि त्यावर लिहा: पु. डा. प्लस, पु. डा. मायनस. स्मरणशक्तीवर विसंबू नका, आणि गाडीच्या वायरींच्या रंगांवर तर मुळीच नाही. ते कंपनीगणिक बदलतात.

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. नुसता रंग प्लस, त्याच रंगावर काळी रेघ म्हणजे मायनस. पिवळी कायमचे १२ व्होल्ट, लाल किल्लीवर येणारे, काळी अर्थ. निळी अँटेनाची, ती विसरलात तर काही गाड्यांत एफएम खरखरतं.

जोडायचे मार्ग

पहिला मार्ग आयत्या बायपास हार्नेसचा, म्हणजे कपलरसकट तयार मिळणाऱ्या वायरींच्या जुडग्याचा. ॲम्पचे दोन्ही कपलर त्यात खोचले की झालं, एकही वायर कापावी लागत नाही. तुमच्या गाडीसाठी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांसाठी तो मिळत नाही, हीच अडचण.

दुसरा मार्ग दुकानांत सगळ्यात जास्त चालणारा: ॲम्पपाशी आत येणाऱ्या वायरी आणि स्पीकरकडे जाणाऱ्या वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. नव्या वायरी ओढायला नकोत, अर्ध्या तासात काम. पण आत येणाऱ्या वायरी सिग्नलपुरत्या बारीक असतात. समजा त्या २२ गेजच्या आहेत (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी वायर बारीक). त्यांचा रोध दर मीटर लांबीमागे ०.०५३ ओम. स्टिरिओपासून सीटखालपर्यंत ३ मीटर, जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.३ ओमच्या वर. आग लागत नाही, पण ४ ओमच्या स्पीकरमागे एवढा रोध म्हणजे बेसवरची पकड थोडी सुटतेच. ॲम्प डिक्कीत असेल तर हाच आकडा दुप्पट. आणि काही गाड्यांत सिग्नलच्या वायरींना मायनस किंवा जाळी सामाईक असते, तिथे हा मार्ग बंदच.

तिसरा, आणि मी केला तो: स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत चार नव्या जोड्या. १६ गेजची दोन पदरी स्पीकर वायर, सीटखालच्या ॲम्पसाठी प्रत्येक जोडीला ३ मीटर, डिक्कीसाठी ६. तिचा रोध वरच्या हिशेबात ०.०८ ओमवर येतो. पुण्यात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून लांबी मोजून आणली. घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखं पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत ठेवा. दिसायला पांढरी पण खरी तांब्याची, म्हणजे कल्हई केलेलीही असते. ती खरवडली की आत लाल दिसते.

कापाकापी

ॲम्पच्या कपलरपासून पाच-सहा सेंटिमीटर सोडून स्पीकरकडची वायर कापा. अगदी मुळाशी कापली तर उद्या गाडी विकताना किंवा ॲम्प दुरुस्त करून आणल्यावर जोडायला टोकच उरत नाही. एका वेळी एकच जोडी कापायची, जोडायची, मग पुढची. सगळ्या एकदम कापून समोर सोळा टोकं घेऊन बसलेला माणूस मी पाहिलाय; आरशात.

जोड क्रिम्पचाच (पकडीने दाबून बसवायच्या धातूच्या नळीचा) घाला, वर तापवल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब. पिळून काळा टेप गुंडाळायची पद्धत घरच्या बोर्डात चालते, गाडीत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्या टेपचा गोंद पाघळतो, टेप सरकतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डरला माझा विरोध नाही, पण हादऱ्यांत सोल्डर जिथे संपतं तिथे वायर मोडते, म्हणून आधार देऊन बांधावी लागते.

एक पथ्य अगदी कडक पाळा. स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र करायच्या नाहीत आणि पत्र्याला तर कधीच टेकवायच्या नाहीत. 'मायनस म्हणजे अर्थ' ही सवय इथे महागात पडते. स्टिरिओ सुरू असताना प्रत्येक स्पीकर वायरीवर, प्लसवर आणि मायनसवरही, बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातली एक अर्थला लागली की स्टिरिओच्या आतली ॲम्पची चिप जाऊ शकते.

नव्या वायरी कन्सोलच्या डाव्या बाजूने खाली उतरवा, कार्पेटखालून न्या. उजव्या बाजूला पेडल आहेत, तिकडे जाऊच नका. सीटच्या रुळाखालून एकही वायर जाता कामा नये. झिप टायने बांधल्यावर सीट टोकापासून टोकापर्यंत दोनदा सरकवून बघा. जुन्या ॲम्पच्या जाड वायरीचा फ्यूज काढून ठेवा. सुटलेली टोकं एकेकटी स्लीव्हमध्ये बंद करा, एकत्र मोळी बांधू नका.

ट्विटर, सबवूफर आणि उरलेले

कंपनीच्या ॲम्पच्या पोटात क्रॉसओव्हर असतो: जाड आवाज दरवाज्याला, बारीक ट्विटरला. तो गेला की ही वाटणीही जाते. पुढच्या डाव्यासाठी तुम्हाला दोन जोड्या सापडल्या असतील, दरवाज्याची आणि ट्विटरची, आणि ट्विटरला स्वतःचा कपॅसिटर नसेल, तर तो तसाच जोडू नका. पूर्ण आवाज मिळाला की ट्विटर जळायला दोन गाणीसुद्धा लागत नाहीत. त्याच्या प्लस वायरीत १० मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर मालिकेत टाका, ५० व्होल्ट किंवा त्याहून जास्तचा. ४ ओमच्या ट्विटरला तो साधारण ४००० हर्ट्झच्या खालचं अडवतो. ६.८ घेतला तर ही सीमा ५८०० च्या आसपास जाते. ट्विटर अगदीच चिमुकला असेल तर तोच बरा. प्लस-मायनसची खूण असलेला साधा कपॅसिटर इथे चालत नाही. कपॅसिटर टाकला की ट्विटर आणि दरवाज्याचा स्पीकर समांतर जोडायला हरकत नाही, कारण जाड आवाजाला स्टिरिओला एकटा दरवाज्याचाच स्पीकर दिसतो.

डॅशबोर्डच्या मधोमध असलेला स्पीकर सोडून द्या. कंपनीचा सबवूफर स्टिरिओच्या चार जोड्यांवर चालत नाही, त्याला वेगळा ॲम्प लागतोच. तो टाकलात तर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवा. हा फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, ॲम्पला नव्हे.

बंद करण्याआधी

डॅशबोर्ड उघडाच ठेवून बॅटरी जोडा. व्हॉल्यूम अगदी कमी. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून एकेक कोपरा वेगळा ऐका. डावा म्हटल्यावर डावाच वाजला पाहिजे. मग भरपूर बेस असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स एका टोकाला नेऊन हळूहळू मध्यावर आणा. मध्यावर बेस वाढायच्या ऐवजी विरघळला तर कुठल्या तरी एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटलंय. झेंडे पुन्हा तपासा. वीस मिनिटं वाजवून स्टिरिओच्या मागच्या पत्र्याला हात लावा. गरम असणारच, पण बोट ठेववत नसेल तर ओमचं मोजमाप कुठेतरी चुकलं आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर काळ्या वायरीचं अर्थिंगचं टोक रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा.

आणि पहिल्यांदा ऐकून खट्टू होऊ नका. माझ्या गाडीत सगळं बरोबर जोडूनही आवाज डब्यातून आल्यासारखा होता. कंपनीचा ॲम्प त्या स्वस्त स्पीकरच्या खोडी आतल्या आत झाकत असतो. तो गेला की स्पीकर आहे तसा ऐकू येतो. स्टिरिओत ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचा जाड आवाज अडवणारी सेटिंग) लावला, अडीच हजारांच्या आसपास ३ डेसिबल उतरवले, तेव्हा गाणं गाण्यासारखं वाटायला लागलं. इक्वलायझरमध्ये चढवण्यापेक्षा उतरवत जावं; १८-२० वॉटमध्ये चढवायला फारशी जागा नसते.

काढलेला ॲम्प, कापलेल्या टोकांचा नकाशा आणि फोटोंच्या प्रिंट एका पिशवीत घालून डिक्कीत ठेवल्या आहेत. पण सीटचे बोल्ट आवळण्याआधी एक काम बाकी होतं. ॲम्पच्या जागचा कार्पेटखालचा फोम दाबला तर पेलाभर पाणी निघालं. पावसाचं नव्हे. एसीचा ड्रेन पाइप कचऱ्याने तुंबला होता आणि सगळं पाणी गाडीबाहेर न पडता डाव्या सीटखाली जात होतं. पाइपात खालून हवा मारल्यावर काळ्या पाण्याची एक पिचकारी माझ्या शर्टावर आली. फोम दोन दिवस गच्चीवर वाळवला आणि मगच सीट बसवली.